प्लायमाउथ की डॉज? वालचंद हिराचंद यांच्या मोटारींची कहाणी

गोराई (वार्ताहर) : गोराईच्या जेट्टीवरून खाडी ओलांडायची, बोरिवलीला लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि कुर्ल्याला उतरायचं. पश्चिमेकडून विद्याविहारच्या दिशेनं गेलं की प्रीमियर रोड लागतो. हे नाव कशावरून पडलं, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. इथं प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी इथलीच. पण पद्मिनीच्या कितीतरी आधी, देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, याच कारखान्यातून लांबरुंद अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या. त्यात दोन नावं जास्त गाजली. एक प्लायमाउथ, बोनेटवर शिडाचं जहाज असलेली. दुसरी डॉज, बोनेटवर उडी घेणारा मेंढा असलेली. दोन्ही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या.

या दोन गाड्यांत चांगली कोणती, हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आवडता वाद. पण त्याचं खरं उत्तर हवं असेल तर आधी या गाड्या कुर्ल्यात आणणाऱ्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते. तो माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातचं, दिगंबर जैन, व्यापारासाठी सोलापुरात येऊन पक्कं सोलापुरी झालेलं. वडील हिराचंद नेमचंद यांची पेढी होती, कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार होता. आई जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईला झेवियर्समध्ये आणि नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी काही घेतली नाही. पेढीवर बसून व्याज मोजायचं, हे काम त्यांना मानवेना.

त्या सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामं कशी निघतात, मोजमाप कसं होतं, बिल कुठं अडतं, हे सगळं त्यांना पाठ. वालचंदांकडे घरचं भांडवल आणि धाडस. दोघांची भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट मिळालं. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर भागातल्या जुन्या लोकांना ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आठवत असेल. एका टोकाला पंढरीचे वारकरी, दुसऱ्या टोकाला लातूरच्या बाजूचा शेतमाल, असा तिचा पसारा पुढे वाढला. या गाडीच्या मातीकामातून वालचंदांची सुरुवात झाली. फावडं आणि पाटी घेतलेले मजूर, गाढवांवरून वाहिलेली माती, आठवड्याची चुकती मजुरी, हे त्यांचं खरं कॉलेज म्हणायला हरकत नाही.

तिथून पुढे कामं मोठी होत गेली. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचं काम, बोरघाटातल्या रेल्वेचे बोगदे. टाटांबरोबर बांधकाम कंपनी झाली. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली, ती आजही कामं करते.

मधल्या काळात समुद्रही आला. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायला निघालं होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि इतर मंडळींनी ते घेतलं आणि १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण पुढचा रस्ता सोपा नव्हता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक इंग्रज कंपन्यांच्या हातात होती. नवी देशी कंपनी आली की त्या भाडं पाडायच्या, समोरचा दमला की पुन्हा चढवायचे. मोसंबीला व्यापारी एकजूट करून भाव पाडतात, तसाच प्रकार. १९२३ साली सिंदियाला नमतं घेऊन करार करावा लागला आणि जहाजं किती ठेवायची यावर मर्यादा पत्करावी लागली. स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यावर जहाज चालवायला परक्याची परवानगी लागते, ही गोष्ट वालचंदांच्या मनात घट्ट बसली असणार. कारण पुढे मोटारीच्या बाबतीतही त्यांची धडपड याच मुद्द्यावर होती : वस्तू कोणाच्या नावाची, यापेक्षा ती बनवणारा हात कोणाचा.

शेतीकडे ते वळले तेही कारखानदाराच्या नजरेनं. मालेगाव तालुक्यात रावळगावला १९२३ साली जमीन घेतली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, मोठा उसाचा मळा उभा केला. त्याचंच पुढे वालचंदनगर झालं. दोन्ही ठिकाणी १९३० च्या दशकात साखर कारखाने आले. बैलांच्या नांगराऐवजी यंत्राची नांगरट, एकेका पट्ट्यात शेकडो एकर ऊस, कामगारांसाठी वसाहत, शाळा, दवाखाना, हे त्या काळी पाहण्यासारखंच होतं. रावळगावची गोळी तर सगळ्या महाराष्ट्रानं चघळली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. खाजगी साखर कारखान्यांच्या मळ्यांत शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेल्या जमिनी मोठ्या प्रमाणात होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर या जमिनी सरकारकडे आणि तिथून शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांच्या घरातली माणसं, म्हणजे आपले खंडकरी शेतकरी, जमीन परत मिळावी म्हणून पुढची कित्येक दशकं मोर्चे काढत राहिली. तेव्हा वालचंद हयात नव्हते. पण त्यांच्या मळ्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येत नाही.

आता मोटारीकडे येऊ.

१९२० च्या दशकात हिंदुस्थानात मोटारी वाढू लागल्या. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना काढला. नंतर फोर्डही आली. हे कारखाने नावालाच कारखाने. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे, इथं नटबोल्ट आवळायचे, रंग द्यायचा आणि गाडी विकायची. मजुरी इथली, बाकी सगळं तिकडचं. पैसा तर तिकडेच.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला परदेशात फिरून हिंदुस्थानात मोटार बनवण्याची एक योजना तयार केली. विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, त्यामुळे इकडच्या मंडळींशी त्यांचा घरोबा होता. वालचंदांनी ही योजना अंगावर घेतली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यांनी मदतीची तयारी दाखवली. दिल्लीतलं गोरं सरकार मात्र ढिम्म हललं नाही. मोटारीचे भाग आणि गाड्या विलायतेतून येतायत, ते त्यांना बरंच होतं. १९३९ च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि तीही आशा गेली.

वालचंद थांबले नाहीत. १९३९ साली ते स्वतः अमेरिकेला गेले. आधी फोर्डचं दार ठोठावलं. तिथं अडचण अशी की ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा धंदा फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, त्यामुळे बोलणं पुढे सरकेना. जनरल मोटर्सकडेही जमलं नाही. शिवडीला त्यांचं स्वतःचं दुकान चालू असताना दुसऱ्याला कारखाना काढून देण्यात त्यांना काय फायदा? उरली तिसरी मोठी कंपनी, क्रायस्लर. हिंदुस्थानात तिचा स्वतःचा कारखाना नव्हता, म्हणून तिला गमवायचं काही नव्हतं. १९४० साली क्रायस्लरशी करार झाला. मोटारीच्या इतिहासात एवढा मोठा निर्णय एका साध्या हिशोबावर झाला : ज्याचं इथं दुकान नाही, तोच भागीदार.

परतीच्या प्रवासात विमानाच्या धंद्यातले विल्यम पॉली हे अमेरिकन गृहस्थ भेटले. गप्पांतून विमान कारखान्याची कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. १९४२ साली युद्धाच्या कारणानं सरकारनं ती ताब्यात घेतली. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याचा पाया २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला. तिथलं पहिलं मोठं जहाज जलउषा, ते १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. या दोन गोष्टींवर वेगळा लेख होईल. इथं एवढंच लक्षात घ्यायचं की विमान आणि जहाज मार्गी लागले, तरी मोटार रेंगाळली. युद्धात यंत्रं आणायला जहाज नाही, डॉलर नाहीत आणि सरकारला मोटार कारखाना युद्धकामाचा वाटत नाही. दरम्यान बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स काढली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली १९४४ मध्ये आणि कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडायला १९४७ साल उजाडलं. सुरुवात डॉजच्या ट्रकनं झाली, मागोमाग प्लायमाउथ मोटार. अमेरिकेची बोट धरल्यापासून सात-आठ वर्षं गेली होती.

आता मूळ वाद. प्लायमाउथ की डॉज?

अमेरिकेत या दोघींची कुळं वेगळी. डॉज ही जॉन आणि होरेस या दोन डॉज भावांची. हे भाऊ आधी हेन्री फोर्डला सुटे भाग बनवून द्यायचे. १९१४ पासून त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि खडबडीत रस्त्याला टिकाऊ म्हणून ती नावाजली. १९२० या एकाच वर्षात दोघेही भाऊ वारले. कंपनी सावकारांच्या हातात गेली आणि १९२८ मध्ये वॉल्टर क्रायस्लरनं ती विकत घेतली.

प्लायमाउथ ही मात्र क्रायस्लरनं त्याच १९२८ साली नव्यानं जन्माला घातलेली. फोर्ड आणि शेवरले या स्वस्त गाड्यांना टक्कर द्यायला. नावाची गोष्ट शेतकऱ्यानं ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधायला प्लायमाउथ नावाची सुतळी घरोघर असायची. असं सांगतात की नाव सुचवणाऱ्यानं हीच गोष्ट पुढे केली : प्रत्येक शेतकऱ्याला हे नाव आधीच पाठ आहे. क्रायस्लर स्वतः खेड्यातून वर आलेला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घडलेला. त्याला ते पटलं. जाहिरातीत मात्र सुतळी न दाखवता अमेरिकेत वसाहतवाले घेऊन आलेलं मेफ्लॉवर जहाज दाखवलं. तेच जहाज बोनेटवर चढलं.

क्रायस्लरच्या घरात चार नावं होती. खालून वर मोजायचं तर प्लायमाउथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर. (डॉज आणि डिसोटो यांच्यात वर कोण, हे मधूनमधून बदलायचं.) प्लायमाउथ स्वस्तातली, पण हलकी नव्हती. पहिल्याच वर्षी तिला चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक होते. त्या वेळी स्वस्त गाड्यांत तारा आणि दांड्यांचे ब्रेक चालायचे, ते एका बाजूला ओढायचे.

युद्धानंतरच्या, म्हणजे १९४६ ते १९४८ च्या अमेरिकन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक असा दिसतो. प्लायमाउथच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११७ इंच, डॉजचं ११९.५ इंच. म्हणजे डॉज अडीच इंचांनी लांब, मागच्या माणसाला पाय पसरायला जागा जास्त. दोन्हींचं इंजिन सहा सिलिंडरचं, एकाच ठेवणीचं. प्लायमाउथचं सुमारे ३.६ लिटरचं, ९५ हॉर्सपॉवरचं. डॉजचं सुमारे ३.८ लिटरचं, १०२ हॉर्सपॉवरचं. आणि डॉजला एक खास चीज : फ्लुइड ड्राइव्ह. इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेलानं भरलेलं एक भांडं. त्यात समोरासमोर दोन पंखे. एक फिरला की तेलाच्या जोरानं दुसरा फिरतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा हळूहळू आपोआप फिरायला लागेल, तसंच. त्यामुळे गर्दीत गाडी गेअरमध्येच थांबवली तरी इंजिन बंद पडत नाही. सुरुवातही लोण्यासारखी मऊ. प्लायमाउथमध्ये ही सोय त्या काळात नव्हती. तिथं साधा क्लच आणि तीन गेअर.

म्हणजे अमेरिकेत उत्तर सोपं होतं. पैसे असतील तर डॉज, हिशोब बघायचा असेल तर प्लायमाउथ. दुरुस्तीचा विचार केला तर प्लायमाउथ उजवी, कारण तेलाचं भांडं नाही, की त्याची गळती नाही.

खरी गंमत अमेरिकेबाहेर. परदेशातल्या डॉज विक्रेत्यांना स्वस्त गाडी हवी होती आणि प्लायमाउथ विक्रेत्यांशी त्यांचं दुकान वेगळं होतं. क्रायस्लरनं तोडगा काढला. प्लायमाउथचीच गाडी घ्यायची, तिला डॉजची पुढची जाळी लावायची, मेंढा बसवायचा आणि नाव द्यायचं डॉज किंग्सवे. त्याच गाडीला डिसोटोची जाळी लावली की डिसोटो डिप्लोमॅट. एकाच कारखान्याचा युरिया दोन नावांच्या गोणीत यावा, तसा प्रकार. हिंदुस्थानात डॉज म्हणून जी मोटार लोकांनी ओळखली, ती बहुतेक हीच किंग्सवे. मेंढ्याखाली प्लायमाउथचंच इंजिन, प्लायमाउथचंच सांगाडं, प्लायमाउथचेच दरवाजे.

त्यामुळे इथल्या रस्त्यावर प्लायमाउथ आणि डॉज यांची तुलना करायची म्हणजे जुळ्या बहिणींच्या साड्यांची तुलना करायची. ज्यानं निव्वळ डॉज या नावासाठी हट्ट धरला, त्यानं मेंढ्याचे पैसे मोजले. मेकॅनिक मंडळींना हे पहिल्या दिवसापासून कळतं, कारण हेडचं गॅस्केट एकीचं दुसरीला बसतं.

गाडी म्हणून मात्र दोघीही दणकट. इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह बाजूला आणि वरचं हेड म्हणजे जाड लोखंडी पाटच. गुंतागुंत कमी, हलक्या पेट्रोलवरही तक्रार न करता चालणारं. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे थंडीच्या सकाळी सेल्फ जरा रडतखडत फिरायचा. सीट सोफ्यासारखी, पुढं तिघं, मागं तिघं आणि लग्नसराईत किती, ते विचारू नये. मुंबईत त्या मोठ्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. दोष एकच, पण मोठा : पेट्रोलची भूक. हिंदुस्थानातल्या माणसाच्या खिशाला या गाड्या कधीच झेपणाऱ्या नव्हत्या.

ट्रकांतही हीच जोडी. डॉजचा ट्रक आणि फारगोचा ट्रक, दोन्ही एकच, पाटी वेगळी. खेड्यापाड्यांशी खरा संबंध आला तो या ट्रकांचा. पुढे त्यांना पर्किन्सचं डिझेल इंजिन बसू लागलं आणि खर्च आवाक्यात आला. मोटार शेठजींच्या दारात राहिली, ट्रक बाजार समितीच्या आवारात पोचला. प्रीमियरच्या क्रायस्लर करारातून ग्रामीण भागाला जे मिळालं, ते ट्रकमधून मिळालं.

वालचंदांना हा जाळी बदलण्याचा खेळ कळत नव्हता, असं समजायचं कारण नाही. पण त्यांचं लक्ष्य दुसरं होतं. प्लायमाउथ की डॉज, यापेक्षा त्यातला किती भाग इथं बनतो, हा त्यांचा प्रश्न. सुरुवातीला कुर्ल्यातही पेट्यांतून आलेल्या भागांची जोडणीच होती, शिवडीत व्हायची तशी. टायर, बॅटरी, रंग यांसारख्या गोष्टी इथल्या मिळू शकत होत्या. १९४९ पासून कंपनीनं काही सुटे भाग स्वतः बनवायला घेतले. इंजिन, गेअरबॉक्स, पुढचा-मागचा ॲक्सल हे सगळं इथं घडवायचं तर ओतकाम हवं, फोर्जिंग हवं, हत्यारं घडवणारे कारागीर हवेत आणि मुख्य म्हणजे गाड्या खपायला हव्यात. वर्षाला थोड्याशा गाड्या विकून इंजिनाच्या यंत्रांचा खर्च निघत नाही. मोठ्या अमेरिकन गाडीचं घोडं इथंच अडलं. ती महाग म्हणून खपत नव्हती आणि खपत नव्हती म्हणून इथं पूर्ण बनत नव्हती.

नेमक्या या वळणावर वालचंदांचं शरीर थकलं. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. कारभार भावांनी आणि पुढे पुतण्यांनी पाहिला. मोटारीची धुरा धाकटे बंधू लालचंद यांच्याकडे आली.

१९५१ साली प्रीमियरनं इटलीच्या फियाटचा हात धरला. आधी चिमुकली फियाट ५००, मग १९५४ पासून फियाट ११००. ती ११०० सीसीची गाडी म्हणजे प्लायमाउथच्या इंजिनाच्या एक तृतीयांशाहून लहान इंजिन. पण कुटुंब मावतं, पेट्रोल पुरतं आणि भाग इथं बनवता येतात. वालचंदांची इच्छा अमेरिकन गाडीनं पुरी केली नाही, ती या इटालियन गाडीनं केली. त्यांनी निवडलेला भागीदार चुकला, असं म्हणणं सोपं आहे. पण १९४० मध्ये दार उघडणारा दुसरा कोणी नव्हता आणि क्रायस्लरच्या कामावर कुर्ल्यातले फिटर, टर्नर, वेल्डर तयार झाले नसते, तर फियाट कोणी बनवली असती?

वालचंद हिराचंद यांचं निधन ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथं झालं. त्याच सुमारास सरकारनं मोटार धंद्याचं धोरण ठरवलं : ज्यांना टप्प्याटप्प्यानं इथं गाडी बनवायची आहे त्यांनी राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना गुंडाळला, फोर्डही गेली. जे वालचंद पंधरा वर्षं गोऱ्या सरकारच्या कानी घालत होते, ते देशाच्या सरकारनं लेखी केलं, पण ते पाहायला त्यांना फारसे दिवस मिळाले नाहीत.

कुर्ल्यातून डॉज आणि प्लायमाउथ मोटारी त्यानंतर काही वर्षं थोड्याफार निघत राहिल्या, ट्रक बराच काळ चालले. फियाट ११०० चीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून उतरली.

जुन्या गाड्यांच्या रॅलीत आजही एखादी किंग्सवे दिसते. पुढून बघितली तर डॉज. बाजूनं, मागून, बोनेट उघडून बघितली तर प्लायमाउथ. अमेरिकेत क्रायस्लरनं २००१ साली प्लायमाउथ हे नाव बंद केलं. डॉज अजून चालू आहे.